डावीकडचा कंदील

तर आधी टिटवीच्या घरचा नियम ऐका, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. नियम असा, की कंट्रोलर टिटवीच्या हातात आणि डोळे बाबांचे.

बाबा सिटी बसचे ड्रायव्हर. पहाटेची पाळी, दुपारी जेवायला घरी. जेवण झालं, पाय स्टुलावर गेले, की टिटवी टीव्हीवर गेम लावायची. अगदी पहिल्यांदा तिने कंट्रोलर त्यांच्यापुढे धरला, तेव्हा त्यांनी हात असे मागे घेतले जसं काही गरम पातेलंच दिलंय. "नको बाई! सकाळपासून स्टिअरिंगच धरून बसलोय. आता तू चालव, मी बघतो." झालं. तेव्हापासून ती चालवणार आणि ते बघणार.

आणि टिटवी म्हणजे टिटवीच. काटकुळे पाय आणि अखंड टिवटिव. नाव बाबांनीच ठेवलेलं, खरं नाव आता फक्त बँकेला माहीत. गेमवर लिहिणाऱ्या एका साइटवर तिचं सदर होतं, 'आत्ताच खेळून उठले'. नवीन गेम खेळायचा आणि डोकं गरम असतानाच लिहून टाकायचं. बंदुका-बिंदुका तिला चालायच्या नाहीत. तिचे गेम सगळे शांत, जरा उदास, कोड्यांचे. पाण्यात बुडालेलं एखादं ग्रंथालय, त्यात तुम्ही एकटे, आणि वरून कुठून तरी थेंब टपकतोय. किंवा डोंगरातलं सिग्नलचं केबिन, तिथे फक्त एक फोन, आणि पलीकडचा माणूस रोज थोडं थोडं खोटं बोलतोय. असलं काहीतरी. खेळून उठल्यावर घरातला पंखासुद्धा वेगळा वाजतो असं वाटायला लावणारं.

आणि त्यातली कोडी सोडवायचे बाबा! म्हणजे डोकं टिटवीचंही चालायचं, पण दिसायचं बाबांना. बुडालेल्या ग्रंथालयात ती अर्धा दिवस पुस्तकं उलटीपालटी करत होती, तर हे जांभई देत म्हणाले, "भिंतीवरचे डाग बघ. पाणी आधी कुठवर होतं ते लिहून ठेवलंय त्यांनी." खाड्कन दार उघडलं. ती ओरडली, "बाबा, तुम्हाला दिसतं तरी कसं हो?"

"ड्रायव्हरची नजर आहे," बाबा म्हणायचे. "नजर नाचवायची नसते. मधोमध रोवून ठेवायची. कडेला काही हललं की ते आपण होऊन हाक मारतं."

डेपोत त्यांना 'बिनओरखड्याचा' म्हणायचे. उगाच नाही. इतकी वर्षं गाडी चालवली पण एकाही बसला त्यांच्या हातून साधा ओरखडा पडला नव्हता. पुढच्या उन्हाळ्यात निवृत्ती. बाबांची एकच हौस होती, की किल्ली परत करायची ती बिनओरखड्याचा म्हणूनच. बाकी समारंभ, हार, भाषण, काही नको. आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली आई ओरडून सांगायची, "आणि घरातल्या भांड्यांना पोचे कोण पाडतं ते पण सांगा म्हणावं डेपोत!" बाबा मिशीत हसायचे.

तर त्या दिवसांत एक गेम आला. धुक्यातलं बेट, बंद पडलेलं दीपगृह, आणि तुम्ही तिथे हरवलेल्या भावाला शोधायला आलेली बहीण. टिटवी तर वेडीच झाली. काय तो आवाज! समुद्र दिसतच नाही, नुसता ऐकू येतो. लांब कुठेतरी पाण्यावर एक घंटा डुलतेय, आणि भावाचा विषय निघाला की ती थांबते. बहीण एकटीच बोलत असते, आधी भावावर चिडून, मग स्वतःवर. बाबासुद्धा मधेच म्हणाले, "ही पोरगी रडणार आहे बघ, पण आपल्यासमोर नाही रडायची." आणि खरंच, पुढच्या खोलीत तिच्या आवाजात फरक पडला.

सगळं मस्त चाललेलं आणि होडीघरात गाडी रुतली. एक लांबट खोली. बाकी सगळीकडे आपण मान वळवून चौफेर बघू शकतो, इथे मात्र नाही. चित्र जागच्या जागी, जसं समोर नाटकाचा रंगमंच. मधोमध उलटी होडी, मागे कुलूप लावलेलं दार, आणि अंधार. दार उघडेना. टिटवीने होडीला हात लावला, दोर ओढले, जमीन ठोकली. बाबा नजर रोवून बसले.

"काही दिसतंय?"

"काही नाही इथे."

आता बाबा 'काही नाही' म्हणाले म्हणजे तिथे काही नसतंच. टिटवीने स्वतः बघायचा प्रश्नच नव्हता. तिची नजर कायम पडद्यावर आपण चालवतो त्या बाहुलीच्या पायांवर, ती कुठे अडखळतेय, कुठे पडतेय. बघायचं काम तिचं कधी नव्हतंच ना! दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दुपारी ती चिडली, लॅपटॉप ओढला आणि धाडधाड लिहिलं. आवाजाचं कौतुक केलं, बहिणीचं केलं, घंटेवर तर अख्खा परिच्छेद. आणि शेवटी ठेवून दिली, 'पण होडीघरात बनवणाऱ्यांनी सरळसरळ बेइमानी केली आहे. खूण न ठेवता कोडं घालणं म्हणजे दार न ठेवता घर बांधणं. माझ्या बाबांना दिसलं नाही, म्हणजे ते तिथे नाहीच.'

छापून आलं. आणि दुसऱ्या दिवशी संपादकबाईंचा फोन. त्यांना साइटवर सगळे कात्री म्हणतात, कारण तुमची चार वाक्यं त्यांच्याकडे गेली की दीड परत येतं. हा मजकूर मात्र त्यांनी टिटवीवर भरवसा ठेवून जसाच्या तसा सोडला होता.

"टिटवे, काय खाऊन लिहिलंस?"

"का? काय झालं?"

"खाली प्रतिक्रिया वाच. लोक लोळतायत हसून. अगं, डावीकडे कंदील टांगलाय! चांगला डोक्याएवढा. हलतोय, लुकलुकतोय, करकरतोयसुद्धा. माझ्या भाचीला दिसला, ती अजून शाळेत जायला लागली नाही! दुरुस्ती दे संध्याकाळपर्यंत."

टिटवीने गेम लावला. होडीघर आलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने बाहुलीच्या पायांवरून नजर उचलून डावीकडे नेली.

कंदील होता. म्हणजे असा तसा नव्हता, केवढा तरी होता! पिवळाधमक, वाऱ्यावर झुलणारा. तिला आधी हसू आलं. आपण दोघं काय बावळट! मग हसू अर्ध्यावरच थांबलं. तिचं ठीक होतं. ती बघतच नव्हती. पण बाबा तर बघत होते.

दुपारी बाबा जेवून सोफ्यावर आले. तिने फोनचं काही सांगितलं नाही. शिळोप्याच्या गप्पा मारतोय अशा आवाजात म्हणाली, "एकदा शेवटचं बघायचं का ते होडीघर?"

"बघू की. सोडायचं नसतं."

कंदील झुलत होता. करकर ऐकू येत होती. बाबा नजर मधोमध रोवून बसले होते, कपाळावर आठी, अगदी मन लावून.

"काही नाही इथे," ते म्हणाले.

"नक्की?"

"अगं असतं तर दिसलं नसतं का? करकर येतेय ती होडीची असेल. थांब, पाणी पिऊन येतो." ते उठले, स्वयंपाकघरात जाऊन तांब्या घेऊन आले आणि येताना टीव्हीच्या डाव्या बाजूला क्षणभर उभे राहिले. "अरे! हा कंदील कधी आणला यांनी?"

"आत्ताच," टिटवी म्हणाली. दुसरं काय बोलणार?

"बघ! लबाड आहेत लेकाचे. मघाशी नव्हता," बाबा खूश होऊन म्हणाले. टिटवीने कंदील ओढला. दार उघडलं. बहीण आत गेली. पुढचं टिटवीला काही ऐकू आलं नाही.

मग तिला एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि आठवणी काय, एक आली की मागे रांगच. आई त्यांच्या डाव्या हाताला चहा ठेवते तो हल्ली गार होतो, आणि मग "चहा दिलाच नाहीस" वरून भांडण. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. परवा जेवताना डावीकडची कोशिंबीर तशीच राहिली तर आई रुसली, आवडली नाही म्हणून. सगळं घर हसत होतं त्यावर. म्हातारचळ म्हणत होतं. आणि हाच माणूस रोज सकाळी भरलेली बस घेऊन शाळेसमोरून, बाजारातून जातो. बसचं दार कुठल्या बाजूला? डावीकडे. लोक उभे कुठे असतात? डावीकडे.

दुरुस्ती तिने दिली नाही. कात्रीबाईंचे निरोप येत राहिले.

तिने दुसरा गेम लावला. मुद्दाम शोधून काढलेला. आई गेल्यानंतर दोन बहिणी तिचं घर आवरतायत, एवढीच गोष्ट. एक खोली, त्यातल्या वस्तू, कुठली ठेवायची आणि कुठली टाकायची. वस्तू उचलली की बहिणी तिच्यावरून भांडतात. साधा डबा असतो, पण त्या डब्यावरून अख्खं बालपण निघतं. एरवी टिटवीने यावर पानं भरली असती. आता मात्र ती वस्तूंची फक्त जागा बघत होती. उजवीकडची छत्री बाबांना दिसली. मधली फुलदाणी दिसली. वरच्या फळीवरचं घड्याळ दिसलं. डावीकडे खुर्चीवर आईचा लाल स्वेटर होता, अख्ख्या खोलीत तेवढाच लाल रंग.

"आता काय राहिलं, बाबा?"

"काही नाही. संपली खोली."

तिने दुसरी खोली लावली. तिसरी. बाहुलीला नुसतीच मधे उभी करून ठेवत होती. आणि बाबा काय कच्चे होते का?

"टिटवे."

"हं?"

"तू खेळत नाहीयेस."

"खेळतेय की."

"तू माझी परीक्षा घेतेयस."

आत शिवणयंत्र चालू होतं, ते नेमकं तेव्हाच थांबलं. दोघंही थांबली. यंत्र पुन्हा सुरू झालं, तेव्हा बाबा हळू आवाजात म्हणाले, "किती चुकलं माझं?"

"डावीकडचं सगळं," टिटवी म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "बाबा, खुर्चीवर लाल स्वेटर आहे! त्या दिवशी कंदील पहिल्यापासून तिथेच होता! मी छापलंसुद्धा की तो नाही म्हणून!"

बाबांनी मान वळवली, पूर्ण वळवली, कोंबडी दाणा बघते तशी, आणि स्वेटरकडे बघत राहिले. "हो," ते म्हणाले. "आहे." मग म्हणाले, "मला वाटायचं आरसा सैल झालाय. डावीकडचा. दोनदा मेकॅनिकला आवळायला लावला. तो म्हणतो, साहेब, आरसा घट्ट आहे."

"मग तुम्हाला तेव्हाच—"

"काळं दिसत नाही गं. काळं दिसलं असतं तर कळलं असतं. सगळं नीटच दिसतं. फक्त लोक एकदम उगवतात. नसतात, नसतात, आणि मग एकदम दारातच उभे. मला वाटलं लोकांनाच घाई झालीय हल्ली."

"पण डोळे तपासतात ना तुमचे दर वर्षी?"

"समोरची अक्षरं वाचायची असतात. ती मी आजही घडाघडा वाचेन. कडेला काय आहे ते कोण विचारतं?"

"उद्या जाऊ नका."

"उद्या गेलो नाही तर कारण द्यावं लागेल. कारण दिलं की किल्ली गेली. बिनओरखड्याचा, आणि डोळ्यावरून काढला! अगं, उन्हाळा तर आलाच." त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि टिटवीने तोवर न ऐकलेल्या आवाजात, जवळजवळ लाडीगोडीने म्हणाले, "डॉक्टरची वेळ घे. आठवड्याभरात मिळेल. तोवर तू ये माझ्याबरोबर. पहिल्या सीटवर बस. आपण इतकी वर्षं काय करतोय? फक्त उलटं करायचं. मी चालवतो, तू बघ."

आता तुम्ही म्हणाल, ही हो म्हणाली? सरळ डेपोत फोन करायचा! मान्य आहे. पण बापाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं हो. आणि खरं सांगायचं तर हे जमेल असं तिलाही वाटलं. इतकी दारं उघडली होती दोघांनी मिळून. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. यांना सुचलं, कारण यांना सवय होती.

"आईला सांगायचं नाही," बाबा म्हणाले.

"नाही," टिटवी म्हणाली.

पहाटे आईने दोन डबे भरले. "आज हिला काय सुचलं बसमधून फिरायचं?"

"लिहायला लागतं आई. बसवर एक गेम आलाय."

"धन्य! खरी बस फुकट मिळत होती तेव्हा झोपायची," आई म्हणाली आणि झाकणं दाबून लावली.

टिटवी दाराच्या मागच्या पहिल्या सीटवर बसली. तिच्या डोक्यावरच पाटी, गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. म्हणून त्यांनी शब्द ठरवला होता. डावीकडे कुणी असलं की तिने 'कंदील' म्हणायचं. नुसतं तेवढंच.

"कंदील," ती म्हणायची. बाबा मान वळवायचे, सायकलवाला दिसायचा, ब्रेक. "कंदील." झाडाखालून उतरणारी शाळेची मुलं. "कंदील, कंदील." कचऱ्याची गाडी आणि तिच्यामागून माणूस. शेजारच्या सीटवरच्या नर्सबाई थोड्या सरकून बसल्या. एक कॉलेजचा पोरगा मित्राला म्हणाला, "दिवे विकते वाटतं." टिटवीची पापणी लवायची नाही.

आणि सगळ्यात वाईट काय माहितीये? मजा यायला लागली. खरंच! पहिला दिवस सुरळीत गेला. शेवटच्या थांब्यावर बाबा वळून हसले, कोडं सुटल्यावर हसायचे अगदी तसे. डबा खाताना म्हणाले, "बघ! आपल्याला कुणी हरवू शकत नाही." टिटवीही हसली. रात्री मात्र तिला झोप लागेना. गेममध्ये चुकलं तर बाहुली मागच्या दारापाशी परत उभी राहते. कपडे झटकते आणि पुन्हा चालू लागते. इथे मागचं दार कुठेय?

दुसऱ्या दिवशीही 'कंदील' चालू. बाजाराचा रस्ता आला. थांबा जवळ आला, बाबा गाडी डावीकडे घ्यायला लागले. आणि तेवढ्यात मागून एका बाईने टिटवीच्या खांद्याला हात लावला.

"बाळा, दवाखाना पुढच्या थांब्यावर ना?"

टिटवीने मान वळवली. एवढंच. "हो मावशी, पुढच्याच—"

धप्प!

फार मोठा आवाज नव्हता. सोफ्यावरून उशी पडावी तेवढा. पण बाहेर कुणीतरी किंचाळलं आणि बाबांनी ब्रेकवर जवळजवळ उभं राहून गाडी थांबवली. नर्सबाई पुढच्या दांडीवर आदळल्या. टिटवीने बाहेर बघितलं. फुटपाथच्या कडेला एक आजोबा खाली बसले होते. म्हणजे बसवलेच गेले होते, आरशाने त्यांच्या हातातली पिशवी उडवली आणि त्यांना गरकन फिरवून खाली टेकवलं. सफरचंदं रस्ताभर धावत सुटली होती. एक चाकाखाली.

नर्सबाई आधी उतरल्या, दार पुरतं उघडायच्या आत. हात-पाय दाबून बघितले, मान हलवून बघितली. "काही नाही. खरचटलंय फक्त. नशीब बघा, नशीब!"

आजोबांना काही झालं नव्हतं आणि म्हणूनच ते भयंकर चिडले होते. बाबा खाली उतरले तसे काठी उगारून ओरडले, "एवढा धडधडीत उभा होतो मी! डोळे फुटलेत का तुझे?"

गर्दी जमली होती. बसमधून लोक माना काढून बघत होते. टिटवी पायरीवर उभी. तिला वाटलं आता बाबा म्हणतील, तुम्हीच पुढे आलात. किंवा आरसा सैल होता. किंवा काहीतरी. आणि ते म्हणाले असते तर तीसुद्धा हो म्हणाली असती, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्यानेच ती हादरली.

"हो काका," बाबा म्हणाले.

"काय हो?"

"फुटलेत. डावीकडचं दिसत नाही मला."

आजोबांची काठी वरच्या वर राहिली. मागे कुठेतरी हॉर्न वाजत होता. बाबा खाली वाकले आणि सफरचंदं गोळा करायला लागले, एकेक करून, उजवीकडची. डावीकडची तशीच पडून होती, त्यांच्या पायाशी. टिटवीने खाली उतरून ती उचलली.

"बाबा, माझं चुकलं. मी मागे बघितलं. मावशींनी विचारलं म्हणून मी—"

"गप," बाबा म्हणाले. रागाने नाही. "ते तुझं काम नव्हतंच कधी. मी तुला त्या सीटवर बसवलं. काय माणूस आहे मी?"

मग ते बसमध्ये चढले, इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि वळून सगळ्यांना म्हणाले, "मंडळी, गाडी इथेच थांबतेय. मागून दुसरी येईल. माफी असावी." लोक कुरकुरले. कॉलेजचा पोरगा उतरताना टिटवीकडे बघत राहिला, बहुतेक त्याला कंदिलाचा अर्थ कळला असावा. त्या मावशी मात्र पुन्हा पुन्हा विचारत होत्या, दवाखाना इथून चालत लांब आहे का. बाबांनी त्यांना हात करून रस्ता दाखवला. मग डेपोत फोन केला, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

डेपोतून दुसरा ड्रायव्हर आला, बाबांच्याच हाताखाली शिकलेला. किल्ली घेताना तो नजर चुकवत होता. गाडीला फेरी मारून आला आणि उगाचच म्हणाला, "साहेब, ओरखडा नाहीये हो. आरसा नुसता दुमडलाय."

"तू माझं मन राखू नकोस," बाबा म्हणाले. "ते आजोबा बघ जरा, घरी सोडून ये त्यांना."

घरी आईला सगळं सांगितलं. आई ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. "दोघांनी मिळून?" एवढंच म्हणाली. "दोघांना पण कळत होतं, आणि दोघांनी मिळून?" आणि आत जाऊन यंत्रावर बसली, पण यंत्राचा आवाज आला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही. थेंब घालून उरलेलं सांभाळायचं. उजव्या डोळ्यालाही नाकाकडच्या कडेने सुरुवात झाली होती. "कळलं कसं नाही?" आईने विचारलं. तर डॉक्टर म्हणाल्या, मेंदू फार हुशार असतो, जिथे दिसत नाही तिथे तो आपल्या मनानेच चित्र रंगवून टाकतो. "म्हणजे लबाड आहे लेकाचा," बाबा म्हणाले.

टिटवीने शेवटी दुरुस्ती पाठवली. लांबलचक लिहिली होती. बसचं, आजोबांचं, सगळं. मग सगळं खोडलं आणि एवढंच ठेवलं, 'होडीघरात कंदील आहे. डावीकडे. पहिल्यापासून होता. चूक बनवणाऱ्यांची नव्हती.' कात्रीबाईंनी पहिल्यांदाच एकही शब्द कापला नाही. फक्त विचारलं, "सगळं ठीक आहे ना गं?" टिटवीने फोन उलटा करून ठेवला.

बरेच दिवस टीव्हीवर कापड झाकलेलं होतं. बाबा दुपारी जेवून सोफ्यावर बसायचे आणि खिडकीबाहेर बघायचे, म्हणजे खिडकीच्या मधोमध. टिटवी लॅपटॉप घेऊन पलीकडे. तिला बोलायला विषय सापडायचा नाही. टिटवीला!

आणि मग एका दुपारी तेच म्हणाले, "त्या पोरीचा भाऊ सापडला का?"

"कुठल्या?"

"बेटावरच्या. अर्धवट सोडून आलो आपण."

टिटवीने कापड काढलं. धुकं आलं, पाण्यावरची घंटा आली. तिने कंट्रोलर हातात घेतला तर बाबांनी हात पुढे केला. "आण इकडे."

"तुम्ही?"

"आता सकाळपासून स्टिअरिंग कुठे धरतोय मी?"

त्यांना बटणं कळेनात. बहीण भिंतीला धडकली, मागे गेली, पुन्हा धडकली. एकदा पाण्यात पडली आणि दीपगृहाच्या दारात परत उभी राहून कपडे झटकायला लागली. "बरंय हिचं," बाबा म्हणाले. टिटवीने त्यांचा अंगठा धरून दुसऱ्या दांडीवर ठेवला. "याने चालते, आणि याने मान वळते."

"मान वळवायचं बटण आहे?"

"आहे की. होडीघर सोडून सगळीकडे चालतं."

बाबा मग त्या धुक्यातून निघाले. जरा चालायचे, थांबायचे. मान पार डावीकडे न्यायचे, सावकाश परत आणायचे, मग पुढचं पाऊल. इतकं हळू की बहीण स्वतःशी बोलून बोलून दमली आणि गप्प झाली. टिटवी शेजारी बसून होती. पुढच्या वळणावर डाव्या हाताला खडकाआड कुणीतरी बसलेलं तिला दिसत होतं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

आतून आई येऊन दारात उभी राहिली, हातात सुईदोरा तसाच. तिलाही दिसत होतं.

बाबा थांबले. मान वळवायला लागले.